कंट्रोल, शिफ्ट आणि खाली बाण : एक्सेलच्या शॉर्टकटचे तुमचे अनुभव

गेल्या आठवड्यात शेजारी बसणाऱ्या नव्या मुलीने विचारलं, "आत्ता काय केलंत तुम्ही?" तीन हजार ओळींच्या कॉलमखाली बेरीज टाकून मी परत वर आले होते. पण कुठल्या कळा दाबल्या ते सांगता येईना. शेवटी हात कीबोर्डवर ठेवून तेच पुन्हा केलं, तेव्हा कळलं: कंट्रोल-डाउन, मग एक घर (सेल) खाली, ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह, एंटर, आणि कंट्रोल-अप दोनदा. दोनदा, कारण पहिल्यांदा ते बेरजेच्या घरातच अडतं. बोटांना पाठ होतं, मला नव्हतं.

त्यावरून हा धागा. शॉर्टकटच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात, त्या इथे नकोत. एखादी कळ तुमच्या हातात कशी बसली, तिने काय वाचवलं किंवा कुठे तोंडघशी पाडलं, ते लिहा. एक्सेलच पाहिजे असं नाही, गूगल शीट्स किंवा लिबरऑफिसही चालेल.

माझ्यापासून सुरुवात करते. फॉर्म्युल्यातला घराचा पत्ता जागेवर बांधून ठेवणारं डॉलरचं चिन्ह दोन वर्षं मी हाताने टाइप करत होते. त्याआधी तर तेही माहीत नव्हतं. दराचा आकडा एका घरात, शेजारच्या कॉलममध्ये शंभर रकमा, आणि फॉर्म्युला खाली ओढला की पहिलं उत्तर बरोबर, बाकी सगळी शून्यं. कारण दराचा पत्ताही माझ्याबरोबर एकेक घर खाली घसरत होता. एकाने मागे उभं राहून नुसतं "एफ४ दाबा" म्हटलं. पत्त्यावर कर्सर ठेवून एकदा दाबलं की ओळ आणि कॉलम दोन्ही बांधले जातात, दुसऱ्यांदा फक्त ओळ, तिसऱ्यांदा फक्त कॉलम, चौथ्यांदा पत्ता पुन्हा मोकळा. हीच कळ फॉर्म्युल्याच्या बाहेर दाबली तर आधीची कृती जशीच्या तशी पुन्हा करते. एका घराला रंग दिला, दुसऱ्यावर गेले, एफ४. हे कळल्यावर आधीच्या दोन वर्षांचं फार वाईट वाटलं.

*

मी लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीटवर शिकलेला माणूस. ते १९८३ साली आलं, माझ्या हाती पडायला बरीच वर्षं गेली. तिथे माऊसचा प्रश्नच नव्हता. तिरकी रेघ दाबायची की वर मेनू उघडायचा, मग एकेक अक्षर. नवी ओळ घालायची तर तिरकी रेघ, डब्ल्यू, आय, आर. अजूनही झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

एक्सेलवर आलो तेव्हा सवयीने तिरकी रेघ दाबली आणि मेनू जागा झाला! जुन्या गिऱ्हाइकांसाठी त्यांनी ती सोय ठेवली होती, ती आजही आहे. पुढे २००७ ला मेनू जाऊन रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, आली. खात्यात नुसता आरडाओरडा. पण ऑल्ट, ई, एस, व्ही, म्हणजे फॉर्म्युला सोडून फक्त आकडे पेस्ट करायची जुनी वाट, चालूच राहिली. पडद्यावर तो मेनूच नाही, तरी त्या मेनूच्या कळा चालतात. तरुण सहकारी कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबतात, नव्या आवृत्तीत तेही चालतं. मी काही बदलणार नाही.

*

मी शाळेत शिकवते. माझा अनुभव कौतुकाचा नाही.

निकालपत्रकात नावांचा कॉलम आणि गुणांचे कॉलम यांच्यामध्ये मी एक रिकामा कॉलम सोडला होता. का, तर छापल्यावर मोकळं दिसतं. नावं अकारविल्हे लावायची होती. नावांत कर्सर ठेवला, ऑल्ट, ए, एस, ए. नावं झटकन लागली. मग कंट्रोल-एस, कारण प्रत्येक गोष्टीनंतर कंट्रोल-एस दाबायची माझ्या डाव्या हाताला सवयच आहे. फाइल बंद केली.

दुसऱ्या दिवशी एका मुलाचे गणिताचे गुण बघून मी चमकले. एक्सेलच्या लेखी रिकामा कॉलम म्हणजे तक्त्याची हद्द. त्याने फक्त नावं हलवली, गुण जागचे हलले नाहीत. फाइल बंद केल्यामुळे अन्डूही गेलं. आदल्या दिवशी सहकाऱ्याला पाठवलेली प्रत मेलमध्ये होती म्हणून निभावलं, नाहीतर सगळ्या उत्तरपत्रिका पुन्हा उघडाव्या लागल्या असत्या.

आता क्रम लावायच्या आधी कंट्रोल-शिफ्ट-८ दाबते. एक्सेल ज्याला एक तक्ता समजतंय तेवढा भाग निवडला जातो. त्याचा तक्ता आणि माझा तक्ता एकच आहे ना, ते डोळ्यांनी बघते. शिवाय पहिल्या कॉलममध्ये अनुक्रमांक टाकते, म्हणजे काही बिनसलं तरी मूळ क्रमावर परतता येतं.

*

मला दिसत नाही. मी स्क्रीन रीडर लावून काम करतो, एनव्हीडीए. तुम्ही ज्यांना शॉर्टकट म्हणता त्या माझ्या सरळ वाटा आहेत, दुसरी लांबची वाट मला नाहीच.

बाण दाबत मी घरोघर फिरतो आणि ते कानात सांगत जातं: "चार हजार दोनशे पन्नास, सी सात". सुरुवातीला फार दमायला व्हायचं. कारण सी सात म्हणजे कशाचा कॉलम, ते लक्षात ठेवायला लागायचं. शीर्षकाच्या ओळीवर जाऊन इन्सर्ट-शिफ्ट-सी दाबलं की पुढे कॉलम बदलताना शीर्षकही ऐकू येतं, हे कळलं त्या दिवशी एका मित्राला फोन करून सांगितलं होतं.

शिक्षकबाईंनी रिकाम्या कॉलमचं लिहिलंय, तसाच माझा शत्रू म्हणजे शोभेची रिकामी ओळ. कंट्रोल-डाउन दाबून मी शेवटी पोहोचलो, ओळ ४०. चाळीसच नोंदी आहेत असं समजून बेरीज कळवली. रिकाम्या ओळीच्या खाली आणखी दोनशे नोंदी होत्या. बघणाऱ्याला ते दिसतं, मला तिथे नुसती शांतता. आता कुठलीही नवी फाइल आली की आधी कंट्रोल-एंड, म्हणजे थेट शेवटच्या वापरलेल्या घरावर. तेही पूर्ण भरवशाचं नाही. खाली कुठे कोणी रंग दिलेला असेल किंवा मजकूर पुसलेला असेल तर ते भलतंच लांब नेतं. पण लांब गेलेलं परवडतं. तिथून कंट्रोल-अपने वर येतो.

आणि एक विनंती. "पिवळे केलेले बघून घ्या" असा निरोप पाठवू नका. विचारलं तर रंग सांगतं ते, पण प्रत्येक घरावर थांबून कोण विचारत बसणार? शेजारच्या कॉलममध्ये "तपासा" असं लिहा. मी फिल्टर लावून, कंट्रोल-शिफ्ट-एल, तेवढीच घरं तुमच्याआधी काढीन.

*

स्क्रोल लॉक. एवढंच लिहिणार होतो, पण सांगतोच.

बाण दाबला की घर हलायच्या ऐवजी अख्खी शीट सरकायची. लॅपटॉपवर ती कळच नाही, म्हणजे मी ती दाबणार तरी कशी? बंद करून चालू केला, माऊसवर काम रेटलं, नवा कीबोर्ड मागायच्या बेतात होतो. खाली पट्टीवर इंग्रजीत "स्क्रोल लॉक" असं चक्क लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. पडद्यावरचा कीबोर्ड उघडून त्यावरची कळ दाबली, संपलं.

*

थोडं विरोधात लिहितो. कीबोर्डवाल्यांची एक घमेंड असते, माऊस धरला की कमीपणा. फॉर्म्युला खालपर्यंत भरायचा असेल तर मी घराच्या उजव्या कोपऱ्यातल्या ठिपक्यावर दोनदा क्लिक करतो. शेजारचा कॉलम जिथवर भरलाय तिथवर तो आपोआप उतरतो. हेच कीबोर्डने करायला शेजारच्या कॉलममध्ये जा, कंट्रोल-डाउन, परत इकडे या, कंट्रोल-शिफ्ट-अप, कंट्रोल-डी. हे कोणाला जलद वाटत असेल तर वाटो.

आणि जे काम वर्षातून दोनदा येतं त्याच्या चार अक्षरी कळा पाठ करून काय करायचंय? माझ्या रोजच्या कळा आठ-दहाच असतील.

*

वरच्यांशी निम्मी सहमत. आठ-दहा पुरतात, पण त्यांत माझी एक हवीच.

आमच्याकडे एका सिस्टिममधून अहवाल निघतो. विभागाचं नाव गटाच्या पहिल्याच ओळीत, खाली रिकामं, मग पुढचा विभाग. अठराशे ओळी. यावर फिल्टर लावला तर प्रत्येक विभागाची एकच ओळ येते. मी प्रत्येक नाव पकडून खाली ओढायचे, दर महिन्याला अर्धी सकाळ त्यात.

आता असं करते. विभागाचा कॉलम शेवटच्या ओळीपर्यंत निवडते. एफ५. खिडकी उघडली की ऑल्ट-एस, मग के, एंटर. तेवढ्या भागातली फक्त रिकामी घरं निवडलेली राहतात, पडद्यावर चाळणी लावल्यासारखं दिसतं. आता कुठेही क्लिक न करता बरोबरचं चिन्ह, वर बाण, आणि साधं एंटर नाही, कंट्रोल-एंटर. प्रत्येक रिकाम्या घरात "माझ्या वरच्या घरात जे आहे ते" एवढाच फॉर्म्युला बसतो, आणि नाव आपोआप खालपर्यंत झिरपतं.

पहिल्यांदा मी इथेच आनंदात थांबले आणि शीट रकमेप्रमाणे लावली. सगळे विभाग भलत्याच ओळींना चिकटले, कारण "वरचं घर" आता वेगळं होतं. म्हणून लगेच कॉलम कॉपी करून तिथेच फक्त मूल्यं पेस्ट करायची. लोटसवाल्या काकांचं ऑल्ट, ई, एस, व्ही इथे कामी येतं.

अजून एक. काही घरं रिकामी दिसतात पण त्यांत एक स्पेस बसलेली असते. ती निवडली जात नाहीत. एकदा दोन विभाग असेच सुटले.

*

घरातला मजकूर दुरुस्त करायला एफ२ दाबायला जायचं आणि शेजारची एफ१ लागायची. मदतीची खिडकी उघडणार, ती बंद करा, मग पुन्हा एफ२. दिवसातून वीसदा. शेवटी एफ१ ची कळच उपटून खणात टाकली. वाटलं होतं मीच पहिला, पण असं करणारे पुष्कळ आहेत म्हणे.

लॅपटॉपवर वेगळीच तऱ्हा, एफ२ दाबलं की पडद्याचा उजेड कमी. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की या कळा ताळ्यावर येतात.

*

मॅकवर एफ४ च्या जागी कमांड-टी, हे कोणीतरी लिहा म्हणून थांबले होते. आणि कमांड-डब्ल्यूने फाइल बंद होते, तिला खेटून असलेल्या कमांड-क्यूने अख्खं एक्सेल.

*

दोन फाइली उघड्या होत्या. एकीत चूक झाली म्हणून कंट्रोल-झेड दाबत गेलो, पाच-सहा वेळा. चूक निघाली, पण मधल्या तीन वेळा दुसऱ्या फाइलमधलं काम मागे गेलं. सगळ्या उघड्या फाइलींची अन्डूची साखळी एकच असते, हे तेव्हा कळलं. आता अन्डू करताना पडद्यावर काय हलतंय ते प्रत्येक वेळी बघतो, आणि मॅक्रो (ठरलेली कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) चालवायच्या आधी फाइलची प्रत काढतो, कारण मॅक्रोनंतर मागचं अन्डू मिळत नाही.

*

इथलं वाचून कंट्रोल-० दाबून बघितलं, सध्याचा कॉलम लपतो. छान. कंट्रोल-शिफ्ट-० ने परत येतो असं वाचलं होतं, तो येत नाहीये. दहादा दाबून झालं. कॉलम गेला का माझा?

*

(धागाकर्ती) गेला नाही, तिथेच आहे. विंडोजमध्ये ती जोडी बहुतेक वेळा कीबोर्डची भाषा बदलण्यासाठी अडवलेली असते, म्हणून एक्सेलपर्यंत पोहोचतच नाही. लपलेल्याच्या दोन्ही बाजूंचे कॉलम मिळून निवडा, मग ऑल्ट, एच, ओ, यू, एल, एकामागोमाग एक.

*

आला! पण एवढ्या पाच कळा?

*

(धागाकर्ती) हो, पाच. माऊसवाल्यांना सांगू नका.