जंताचे औषध दिल्यावरही पिलाच्या विष्ठेत पुन्हा जंत का दिसतात?

नवखा_श्वानपालक:
आमच्या घरी कुत्र्याचे पिलू आले तेव्हा ते सात आठवड्यांचे होते. ते दोन आठवड्यांचे असताना आधीच्या मालकांनी त्याची विष्ठा तपासून घेतली होती आणि तीत एकही अंडे न आढळल्याने त्या वेळी औषध दिले नव्हते. पहिला डोस सहाव्या आठवड्यात दिला. काल, म्हणजे नवव्या आठवड्यात, पशुवैद्यकांनी दुसरा डोस दिला आणि आज सकाळी विष्ठेत जाड दोऱ्यासारखे, पांढरट, बोटभर लांबीचे चार जंत निघाले. त्यातला एक गुंडाळी करून चक्क वळवळत होता. पिलाच्या आईला गर्भधारणेपूर्वी औषध दिले होते आणि तिची तपासणीही स्वच्छ होती. मग हे जंत आले कुठून, आणि पहिले औषध निकामी होते का?

निवृत्त_पशुवैद्यक:
औषध निकामी नव्हते. तुमच्या वर्णनावरून हे टॉक्सोकारा कॅनिस या जातीचे गोलकृमी असावेत. आईची तपासणी स्वच्छ आली याचा अर्थ तिच्या आतड्यात अंडी घालणारे जंत नव्हते, एवढाच. प्रौढ कुत्रीच्या पोटात या जंताची अंडी गेली, तर त्यांतून निघालेल्या अळ्या बहुतेक वेळा आतड्यात वाढत नाहीत. त्या शरीरभर फिरून स्नायूंत आणि इतर अवयवांत सुप्तावस्थेत पडून राहतात, आणि तिथे नेहमीच्या डोसचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे 63 दिवसांचा असतो. त्यातल्या साधारण 42व्या दिवसानंतर या अळ्या जाग्या होतात आणि वारेतून गर्भात शिरतात. जन्मानंतर त्या पिलाच्या यकृतातून फुप्फुसात आणि तिथून श्वासनलिकेत चढतात, खोकल्याबरोबर घशात येऊन गिळल्या जातात आणि मग आतड्यात स्थिरावतात. शिवाय काही अळ्या आईच्या दुधातूनही येतात.

दोन आठवड्यांच्या वयात केलेली तपासणी म्हणूनच फसवी ठरली. त्या वयात जंत आतड्यात असले तरी अंडी घालण्याइतके वाढलेले नसतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली आपण शोधतो ती अंडीच. पिलांना तपासणीची वाट न पाहता दुसऱ्या आठवड्यापासून औषध सुरू करतात ते यामुळेच. पायरँटेलसारखे औषध आतड्यातून रक्तात फारसे शोषले जात नाही. ते त्या दिवशी आतड्यात असलेल्या जंतांना लुळे करते आणि ते बाहेर पडतात, कधी कधी तुम्ही पाहिलेत तसे जिवंतही. यकृतात किंवा फुप्फुसात वाटेवर असलेल्या अळ्या मात्र सुटतात आणि दोन-तीन आठवड्यांत त्यांची जागा घेतात. त्यामुळे दूध तुटल्यानंतरच्या दोन आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला, मग सहा महिने वयापर्यंत दरमहा आणि पुढे बाहेर फिरणाऱ्या कुत्र्याला निदान तीन महिन्यांतून एकदा औषध देण्याची पद्धत आहे. पाजत असलेल्या आईलाही पिलांबरोबरच द्यावे, हे बहुतेक जण विसरतात.

कृमी_अभ्यासक:
वरच्या उत्तराला एक जोड देतो. प्रौढ कुत्रीची प्रतिकारशक्ती अळीला वाढू देत नाही, पण मारतही नाही. दोघांच्या दीर्घ सहवासातून निघालेली ही तडजोड आहे. अळीच्या दृष्टीने कुत्री ही पुढच्या पिढीपर्यंत पोहोचण्याची गाडी आहे. उंदीर-सशांच्या शरीरातही ती अशीच थांबते आणि कुत्र्याने ते प्राणी खाल्ले की पुढे सरकते. याला जंताची हुशारी म्हणणे मला पटत नाही. ज्या अळ्या थांबू शकल्या त्यांचाच वंश टिकला, इतकेच. माणसाच्या शरीरात ही अळी प्रौढ होत नाही, पण यकृतात किंवा डोळ्यात भटकून नुकसान करू शकते, आणि मातीत खेळणाऱ्या मुलांना हा धोका अधिक असतो.

यात एक दिलासा आहे, तो म्हणजे ताज्या विष्ठेतले अंडे संसर्गक्षम नसते. आत अळी तयार व्हायला त्याला उबदार, ओलसर मातीत काही आठवडे लागतात. विष्ठा रोजच्या रोज उचलली तर साखळी तिथेच तुटते. एकदा अंडी मातीत मिसळली की ती वर्षानुवर्षे टिकतात आणि घरातली नेहमीची जंतुनाशके त्यांच्या जाड कवचापुढे चालत नाहीत. फरशीवर उकळते पाणी किंवा वाफ वापरावी.

पट्टकृमीचे गणित अगदी वेगळे आहे. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे हलणारे तुकडे दिसले, तर तो बहुधा पिसवांमधून येणारा डिपिलिडियम असतो. त्यावर पायरँटेल चालत नाही, प्राझिक्वांटेल चालते. पण अंगावरच्या पिसवा तशाच ठेवून ते दिले, तर कुत्रा अंग चावताना पिसू गिळतो आणि महिन्याभरात पुन्हा तेच तुकडे दिसू लागतात.

दोन_कुत्र्यांची_आई:
अनुभवातून एक विनंती. मी एकदा मागच्या वेळचे वजन धरून औषध दिले होते. पंधरा दिवसांत पिलू इतके वाढले होते की डोस अपुरा पडला. प्रत्येक वेळी वजन करा. लसूण खाऊ घालण्याच्या सल्ल्याला भुलू नका, लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना अपाय होतो. गुरांसाठीचे आयव्हरमेक्टिन अंदाजाने देणे तर त्याहून वाईट, कारण कोली आणि त्याच्या जवळच्या जातींतील अनेक कुत्र्यांत जनुकीय दोषामुळे हे औषध मेंदूत साचते.

नवखा_श्वानपालक:
सर्वांचे आभार. मागचा डोस 2 किलोला दिला होता. आज वजन 2 किलो 300 ग्रॅम भरले. अजून एक शंका आहे. औषधानंतर अर्ध्या तासात त्याने उलटी केली होती, तर डोस पुन्हा द्यावा का?

निवृत्त_पशुवैद्यक:
आपल्या मनाने देऊ नका. किती वेळाने उलटी झाली आणि तीत औषध दिसले का, हे तुमच्या पशुवैद्यकांना फोनवर सांगा, ते ठरवतील. तोवर पिलाचा ओठ वर करून हिरड्या पाहा. त्या गुलाबी असतील तर घाई नाही. पांढुरक्या दिसल्या किंवा विष्ठा डांबरासारखी काळी झाली, तर रक्त शोषणाऱ्या अंकुशकृमीची शंका घ्यावी लागते, आणि तसे असेल तर पिलाला आजच घेऊन जा.