नागासाकीचा हिशेब वेगळा मांडावा लागेल

पिंपळपार :
अणुबॉम्ब वापरून युद्ध संपवणे समर्थनीय होते का, हा वाद दर ऑगस्टमध्ये उकरला जातो आणि दर वेळी 'हिरोशिमा-नागासाकी' हा जोडशब्द एका दमात उच्चारला जातो. माझ्या मते घोळ तिथेच सुरू होतो. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर बॉम्ब पडला, तेव्हा तोक्योचा त्या शहराशी संपर्कच तुटला. नेमके काय झाले याचा छडा लावायला पाठवलेले भौतिकशास्त्रज्ञ योशिओ निशिना तिथे पोचले ते ८ तारखेला. जपानच्या सर्वोच्च युद्धमंडळाची बैठक ९ तारखेच्या सकाळी बसली आणि ती चालू असतानाच नागासाकीची बातमी येऊन थडकली. दोन बॉम्बांमध्ये पुरते पंचाहत्तर तासही गेले नव्हते.

दुसरा बॉम्ब मुळात ११ तारखेला टाकायचा होता. हवामान बिघडणार म्हणून तो दोन दिवस अलीकडे आणला गेला. विमान निघाले होते कोकुरा शहरावर. तिथे धूर आणि धुरकट हवा, तीन घिरट्या घालूनही लक्ष्य दिसेना, इंधनाची चणचण, म्हणून ते नागासाकीकडे वळले. आणि बॉम्ब सुटला तो ठरलेल्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर, उराकामीच्या खोऱ्यात, जिथे पिढ्यानपिढ्या लपून धर्म जपलेल्या जपानी ख्रिस्ती लोकांची मोठी वस्ती आणि त्यांचे कॅथीड्रल होते. पहिल्या बॉम्बचे समर्थन होऊ शकते असे घटकाभर धरून चालू. पण शत्रूला विचार करायलाही उसंत न देता टाकलेल्या दुसऱ्याचे समर्थन कसे करणार?

सह्यकडा :
उसंत मिळाली असती तर तिचा काय उपयोग झाला असता, हे आपण सांगितलेल्या त्याच बैठकीवरून कळते. सहा जणांपैकी पंतप्रधान सुझुकी, परराष्ट्रमंत्री तोगो आणि नौदलमंत्री योनाई सम्राटाचे पद राखण्याच्या एकाच अटीवर शरण जायला तयार होते. युद्धमंत्री अनामी, लष्करप्रमुख उमेझू आणि नौदलप्रमुख तोयोदा यांना आणखी तीन अटी हव्या होत्या: शस्त्रे आम्हीच खाली ठेवू, युद्धगुन्हेगारांवरचे खटले आम्हीच चालवू आणि परकी सैन्य आमच्या भूमीवर नको. अमेरिकेकडे असे बॉम्ब फारसे नसतील, असाही सूर त्या खोलीत निघाला. नागासाकीची बातमी आल्यावरसुद्धा तीन विरुद्ध तीन ही कोंडी फुटली नाही. ती मध्यरात्र उलटल्यावर सम्राटाने स्वतः फोडली. एवढे होऊनही १४ तारखेच्या रात्री काही तरुण अधिकाऱ्यांनी शाही रक्षकदलाच्या सेनापतीला ठार मारले आणि शरणागतीच्या भाषणाची ध्वनिमुद्रिका हाती लागावी म्हणून राजवाड्याच्या खोल्या धुंडाळल्या. ओकिनावात बारा हजारांच्या आसपास सैनिक गमावलेल्या आणि १ नोव्हेंबरला जपानच्या क्यूशू बेटावर उतरायची तयारी करणाऱ्या अमेरिकेने या मंडळींच्या मतपरिवर्तनाची वाट पाहत बसायचे होते काय?

ओंजळ :
तुम्ही दोघेही त्या बैठकीच्या खोलीतून बाहेर यायला तयार नाही. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून शहरात मोकळे पट्टे काढायचे काम चालू होते आणि त्यासाठी घरे पाडायला त्या सकाळी हिरोशिमात हजारो शाळकरी मुले जुंपलेली होती. बारा-तेरा वर्षांची मुले. त्यांतली बहुतेक मेली. त्यांच्यातल्या एकाचा जेवणाचा डबा तिथल्या संग्रहालयात ठेवला आहे. आत अन्न तसेच आहे, फक्त त्याचा कोळसा झालेला आहे. १९४५ साल सरेपर्यंत त्या एका शहरात सुमारे १,४०,००० माणसे गेली.

शिवाय ही शहरे निवडली कशी गेली तेही पाहा. त्यांना नेहमीच्या बॉम्बफेकीतून मुद्दाम वगळले होते, कारण नव्या अस्त्राचा परिणाम स्वच्छ दिसायला हवा होता. यादीत क्योतोही होते. ते अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिम्सन यांनी हट्टाने काढायला लावले. एका माणसाच्या आग्रहाने एखादे शहर वाचू शकत असेल, तर 'दुसरा मार्गच नव्हता' हे वाक्य मला गिळवत नाही.

बंदरकाठ :
मुलांचा मुद्दा खोडून काढता येत नाही आणि मी तो खोडतही नाही. पण युद्ध लांबले असते तर मरणारे फक्त अमेरिकन सैनिक नव्हते. अंदमान १९४२ पासून जपानच्या ताब्यात होते. जानेवारी १९४४ मध्ये पोर्ट ब्लेअरजवळ होम्फ्रेगंज येथे हेर ठरवून ४४ भारतीयांना गोळ्या घातल्या गेल्या. १९४५ च्या ऑगस्टमध्येच, बेटावर अन्न पुरेना म्हणून शेकडो लोकांना बोटींत भरून नेले आणि हॅवलॉक बेटाजवळ समुद्रात ढकलून दिले. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर मलायातले तमिळ मजूर हजारोंनी मेले. चीनचे तर बोलायलाच नको. 'थोडे थांबायचे' हा सल्ला या लोकांच्या जिवावर दिला जातो, आणि आपल्याकडच्या चर्चेत, का कोण जाणे, ते मोजलेच जात नाहीत.

तळटीप :
या सगळ्यात सोव्हिएत संघ कुठे गेला? ८ ऑगस्टला त्याने युद्ध पुकारले आणि ९ तारीख लागताच जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात रणगाडे घुसले. युद्ध थांबवण्यासाठी तोगो यांची सारी भिस्त मॉस्कोच्या मध्यस्थीवर होती; ती त्या रात्री संपली. सम्राटाच्या १५ ऑगस्टच्या भाषणात नव्या क्रूर बॉम्बचा उल्लेख आहे खरा, पण १७ तारखेला त्याने सैन्याला उद्देशून जे फर्मान काढले त्यात बॉम्बचे नाव नाही, सोव्हिएत संघ युद्धात उतरल्याचा दाखला आहे.

दुसरे असे, की जपानला शरण येण्यास बजावणाऱ्या पॉट्सडॅमच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात सध्याच्या राजघराण्याखालची मर्यादित राजसत्ता चालेल अशी सोय होती. ती २६ जुलैच्या अंतिम पाठातून गाळली गेली आणि युद्धानंतर सम्राट गादीवर राहिलाच. जे शेवटी द्यायचेच होते ते आधी देऊन पाहिले का नाही?

सह्यकडा :
कारण ते पुरले नसते, आणि हे अमेरिकेला ठाऊक होते. मॉस्कोतले जपानी राजदूत सातो यांनी जुलैत तोगो यांना कळवले होते, की राजघराणे राखण्याची एक अट सोडली तर बिनशर्त शरणागती पत्करावी. तोगो यांनी २१ जुलैच्या तारेत बिनशर्त शरणागती कोणत्याही परिस्थितीत मान्य नसल्याचे उत्तर दिले. राजघराण्याची सवलत मिळाली तर भागेल, असेही म्हटले नाही. या सांकेतिक तारा अमेरिका उलगडून वाचत होती. तोगो हे शांततावादी गटातले, हे विसरू नये.

पिंपळपार :
सातो-तोगो तारांचा मुद्दा मला मान्य करावा लागतो. त्यामुळे 'एक वाक्य घातले असते तर काम झाले असते' हा युक्तिवाद लंगडा पडतो. तरीही माझा मूळ प्रश्न शिल्लक आहे. २५ जुलैच्या लेखी आदेशात पहिला बॉम्ब ३ ऑगस्टच्या सुमारास, हवामान पाहून टाकावा, आणि पुढचे जसजसे तयार होतील तसतसे टाकावेत, एवढेच होते. म्हणजे नागासाकीचा निर्णय असा कोणी बसून घेतलाच नाही. कारखान्यातून माल निघाला आणि तो पोचवला गेला. १० ऑगस्टला मात्र अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी हुकूम काढला, की यापुढे आपल्या परवानगीशिवाय बॉम्ब टाकायचा नाही. आणखी लाखभर माणसे मारण्याची कल्पना आपल्याला सोसवत नाही, असे ते मंत्र्यांना म्हणाल्याचे त्यांचे व्यापारमंत्री वॉलेस यांच्या रोजनिशीत आहे. जो विचार तिसऱ्याच्या आधी करता आला, तो दुसऱ्याच्या आधी का नाही?

ओंजळ :
आणि पहिल्याच्या आधी का नाही? तुम्ही नागासाकी वेगळे काढता तेव्हा हिरोशिमा आपोआप माफ होऊन जाते, आणि ते मला पटत नाही.

सह्यकडा :
१० तारखेला ट्रुमन थांबले, कारण त्या सकाळी जपानचा शरणागतीचा प्रस्ताव हाती आला होता. ८ तारखेला त्यांच्या हाती काहीच नव्हते. ही तुलना बरोबरीची नाही. आणि ते थांबले तेही फक्त अणुबॉम्बपुरते. १४ ऑगस्टला शेकडो बी-२९ बॉम्बफेकी विमाने पुन्हा जपानवर गेली, आणि शरणागतीचे भाषण आकाशवाणीवरून ऐकवले जाण्याच्या काही तास आधी कुमागाया शहर साध्या आगबॉम्बांनी जळाले. त्या शहराचे नाव इथे अजून कोणी घेतलेले नाही.