मदत हवी आहे: प्रोफिबसवर (मशीन जोडणारं कारखान्यातलं नेटवर्क) टोकन (लाइनवर बोलायची पाळी) उशिरा यायलंय, पॅकेट किती मोठं ठेवू?

टॉवेलवाला_एमआयडीसी: अक्कलकोट रोडला डाय हाऊस (रंगाईचा कारखाना) आहे, प्रोफिबसवर चार मास्टर (टोकन आलं की स्वतः मेसेज पाठवणारे कंट्रोलर). डोसिंगचे (रंग मोजून सोडायचे) मेसेज १०० मिलिसेकंदात जायलाच पाहिजेत पण बॅच रिपोर्ट सुरू झाला की हमखास लेट, रंगाची शेड बिघडायलीय, माल परत येतोय. लवकर सांगा.

रिले_काका: बॉड रेट (लाइनचा स्पीड)? टीटीआर (टोकनची एक फेरी व्हायची ठरवलेली वेळ) किती? केबल किती लांब?

जुना_वायरमन: आधी केबलच्या दोन्ही टोकांचं टर्मिनेशन (तिथले रेझिस्टर) बघा.

टॉवेलवाला_एमआयडीसी: टर्मिनेशन ओके आहे. १८७.५ केबीपीएस, ८०० मीटर. रिपोर्ट २४४ बाइटचे.

इथरनेट_भाऊ: काढून टाका हो ते, इथरनेट टाका. आमच्या साखर कारखान्यात तेच केलं.

रिले_काका: भाऊ, त्याला आज शेड वाचवायचीय. २४४ आणि वरचे ९ बाइट, प्रत्येकी ११ बिट, म्हणजे एक पॅकेट जवळपास १५ मिलिसेकंद लाइन अडवतं! टोकन ठेवायची वेळ संपता संपता सुरू झालं तरी पूर्ण होऊनच टोकन सुटतं. चारही मास्टरनी असं केलं की ६० मिलिसेकंद तिथंच गेले. रिपोर्ट ६० बाइटचे करा, ४ मिलिसेकंदात सुटतात.

एफडीडीआय_मास्तर: एफडीडीआयमध्ये (फायबरवरचं जुनं टोकन नेटवर्क) टोकन जास्तीत जास्त टीटीआरटीच्या (तिथला टीटीआर) दुप्पट वेळाने येतं, म्हणून टीटीआरटी डेडलाइनच्या निम्मा ठेवायचा, आणि सगळ्यांचा कोटा अधिक टोकन फिरायचा वेळ त्यात बसवायचा.

रिले_काका: मास्तर, ते एफडीडीआयचं. तिथं प्रत्येक स्टेशनला राखीव कोटा असतो, प्रोफिबसमध्ये तसा नाही. टोकन लेट आलं तर फक्त एकच हाय प्रायॉरिटी मेसेज जातो.

एफडीडीआय_मास्तर: मान्य, पण मोठ्या पॅकेटचा त्रास दोन्हीकडे तोच.

लूमवरचा_पोरगा: डाय हाऊसला हेल्पर लागतोय का दादा?

रिले_काका: टॉवेलवाले, डोसिंगचे मेसेज किती?

टॉवेलवाला_एमआयडीसी: तीन, आठ आठ बाइटचे, वेगवेगळे जातात.

रिले_काका: तेच तर! लेट टोकनला एकच सुटतो, तिसऱ्याला तीन फेऱ्या थांबावं लागतं. तिन्ही एकाच पॅकेटमध्ये भरा, दोन मिलिसेकंदात जाईल. रिपोर्ट बारीक करा, डोसिंग एकत्र करा, आणि रिपोर्ट लो प्रायॉरिटीत आहेत का तेही बघा.

इथरनेट_भाऊ: नाहीतर स्पीड १.५ एमबीपीएस करा की.

जुना_वायरमन: त्या स्पीडला सेगमेंट (केबलचा एक सलग तुकडा) २०० मीटरच चालतो, ह्यांची केबल ८०० आहे. रिपीटर (मधे सिग्नल पुन्हा जोरात करणारा डबा) कोण देणार?

टॉवेलवाला_एमआयडीसी: रिपोर्ट पण हाय प्रायॉरिटीतच आहेत, आत्ताच बघितलं. टीटीआर बदलायचा तर चारही मास्टरमध्ये?

रिले_काका: हो, चारही ठिकाणी सेम. पण आधी रिपोर्ट लोमध्ये टाका.