प्रथमच अख्खी टर्की भाजायची आहे: घड्याळावर विसंबावे की तापमानावर?

प्रश्न

सणाच्या जेवणासाठी यंदा अख्खी टर्की घरीच भाजायचे ठरवले आहे. साधारण सहा किलोची गोठवलेली टर्की आणली असून जेवायला आठ-दहा माणसे असतील. ओव्हन साधाच आहे. कोंबडी भाजण्याचा बऱ्यापैकी सराव आहे, पण एवढा मोठा पक्षी कधी हाताळलेला नाही. अडचण अशी की प्रत्येक पाककृती वेगळेच सांगते: कुणी पावणेतीन तास म्हणते, कुणी साडेचार, कुणी दर अर्ध्या तासाला ट्रेमधला रस वरून घालायला सांगते, तर कुणी ओव्हनचे दार उघडूच नका म्हणून बजावते. मांडी शिजेपर्यंत छातीचे मांस कोरडे पडते, ही तक्रार मात्र सगळीकडे आहे. आत सारण भरायचा विचार नाही. नवख्या माणसाने नेमके कशाकडे लक्ष द्यावे आणि कशाकडे काणाडोळा केला तरी चालेल, हे जाणकारांनी सांगितल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद १

कोरडेपणाचे मूळ पक्ष्याच्या घडणीतच आहे. छातीच्या मांसात चरबी कमी, त्यामुळे ते लवकर शिजते आणि तापमान ७४ अंश सेल्सियसच्या बरेच पुढे गेले की रस सोडून रखरखीत होते. मांडीत मात्र चिवट कोलॅजन भरपूर असते आणि ते विरघळून मांस मऊ व्हायला ८० अंशांच्या आसपास जावे लागते. म्हणजे एकाच ट्रेमध्ये आपण दोन वेगळे पदार्थ शिजवत असतो. हे एकदा ध्यानात घेतले की पाककृतींमधले मतभेद फारसे छळत नाहीत, कारण ‘किती तास’ याचे उत्तर पक्ष्याचे वजन, तो आतून किती गार होता आणि तुमचा ओव्हन किती खरा आहे यावर बदलते. ‘किती अंश’ याचे बदलत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने पक्ष्यांच्या मांसासाठी ठरवलेली सुरक्षित मर्यादा ७४ अंश सेल्सियस, म्हणजे १६५ अंश फॅरनहाइट आहे. तेव्हा सर्वांत आधी एक अणकुचीदार टोकाचा, मांसात खुपसायचा थर्मामीटर घ्या. बाकी सगळ्या साधनांवाचून निभावेल, याच्यावाचून नाही.

आता क्रमाने सांगतो. सहा किलोच्या टर्कीचा बर्फ फ्रिजमध्ये उतरायला पूर्ण तीन दिवस लागतात. दर दोन किलोंमागे एक दिवस असा हिशेब धरावा आणि शक्य असल्यास वर एक दिवस राखून ठेवावा, कारण नीट विरघळलेली टर्की फ्रिजमध्ये आणखी एक-दोन दिवस सहज राहते. ओट्यावर उघडी ठेवून बर्फ उतरवू नये. आतला भाग दगडासारखा असतानाच बाहेरचे मांस कोमट होऊन जंतूंना रान मोकळे मिळते. ऐनवेळी घाई झालीच, तर वेष्टनासह गार पाण्यात बुडवून दर अर्ध्या तासाला पाणी बदलावे. अशाने सहा-सात तासांत काम होते, पण मग लगेच भाजायला घ्यावी लागते.

वेष्टन काढल्यावर पोकळीत हात घालून पाहा. मान तिथे सापडेल. काळीज, पेटा आणि हृदय यांची कागदी पुडी मात्र पुष्कळदा मानेकडच्या कातडीच्या घडीत दडवलेली असते आणि नवखी माणसे ती तशीच भाजून काढतात. पोकळीच्या तळाशी बोटांना बर्फाचे खडे लागले, तर पक्षी अजून तयार नाही असे समजावे. टर्की नळाखाली धुऊ नये, कारण शिंतोड्यांबरोबर जंतू सगळ्या ओट्यावर पसरतात. कागदी रुमालाने टिपून कोरडी करणे पुरे.

ओव्हन १६५ अंश सेल्सियसवर आधी तापवून घ्यावा. (मांसासाठी सांगितलेला १६५ हा आकडा फॅरनहाइटचा आहे. ही दोन मापे एकमेकांत गुंतली तर पंचाईत व्हायची.) पंख मागे मुडपून पाठीखाली खोचावेत, पाय सैलसर बांधावेत, कातडीला लोणी किंवा तेल चोळावे आणि उथळ ट्रेमध्ये जाळीवर, छाती वर करून ठेवावी. पायांची बाजू ओव्हनच्या मागच्या, सहसा जास्त तापणाऱ्या भागाकडे असू द्यावी. छातीला छानसा सोनेरी रंग आला की तिच्यावर फॉइलचा तुकडा पसरावा; मांडी मागून गाठेपर्यंत तेवढी सावली पुरते. सारण नसलेल्या या वजनाच्या पक्ष्याला तीन ते पावणेचार तास लागतील, पण तापमान अडीच तासांपासूनच पाहायला लागावे. वरून रस घालत बसण्याची गरज नाही. तो कातडीवरून ओघळून जातो, आत मुरत नाही, आणि दर वेळी दार उघडल्याने ओव्हन गार होतो.

प्रतिसाद २

वरील बहुतेक गोष्टी मान्य आहेत; मात्र अख्खी टर्की टेबलावर मिरवायचा हट्ट नसेल, तर एक सोपा मार्ग सुचवतो. मजबूत कात्रीने पाठीचा कणा दोन्ही बाजूंनी कापून काढावा, पक्षी उलटा करून छातीच्या हाडावर तळव्याने जोर द्यावा, ‘कट्‌’ असा आवाज आला की तो पुस्तकासारखा सपाट उघडतो. आता पाय बाहेरच्या कडेला, उघड्या आचेत येतात आणि छातीची उंची कमी होते, त्यामुळे दोन्ही मांसे जवळपास एकदमच तयार होतात. २२० अंशांच्या आसपास असा पक्षी साधारण दीड तासात भाजून होतो आणि कातडीही सगळीकडून कुरकुरीत होते. कणा कापायला मनगटात जोर लागतो, आणि सहा किलोचा सपाट पक्षी मावेल एवढा ट्रे आपल्या ओव्हनमध्ये बसतो का, हे आधीच मोजून पाहावे.

प्रश्नकर्त्याचा पुढील प्रश्न

दोघांचेही आभार. कणा कापण्याचे धाडस सध्या तरी करत नाही, अख्खीच भाजेन. दोन शंका उरल्या. मीठ कधी आणि किती लावावे? आणि टर्कीच्या छातीत प्लॅस्टिकचे एक छोटे बटण खोचलेले दिसते, शिजल्यावर ते वर येते म्हणतात. ते असताना वेगळा थर्मामीटर खरेच लागतो का?

प्रतिसाद ३

लागतो. ते बटण एकाच जागेचे तापमान ओळखते, मांडीत काय चालले आहे याचा त्याला पत्ता नसतो, आणि ते वर येईपर्यंत छाती बहुधा गरजेपेक्षा जास्त शिजलेली असते. रसाच्या रंगावरही जाऊ नका. नीट शिजलेल्या मांसातही गुलाबी छटा राहू शकते. थर्मामीटर मांडीच्या सर्वांत जाड भागात, ती धडाला मिळते तिथे आतल्या अंगाने घालावा. टोक हाडाला टेकले की आकडा फसवा येतो, म्हणून कडक काही लागताच किंचित मागे घ्यावे आणि एक-दोन जागी पुन्हा पाहावे. नंतर छातीचा जाड भाग आणि पंखाचा आतला सांधा तपासावा. सगळीकडे किमान ७४ भरले आणि मांडीत ८० च्या जवळपास आले की बाहेर काढा.

मिठाआधी वेष्टनावरचा मजकूर वाचा. मिठाचे द्रावण टोचलेले आहे असे लिहिले असेल, तर वेगळे मीठ जवळजवळ लावूच नये. तसे नसेल, तर दर किलोला एक सपाट छोटा चमचा बारीक मीठ आदल्या दिवशीच सगळीकडे चोळून टर्की फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात उघडी ठेवावी. सुरुवातीला मिठाने पाणी सुटते, पुढे तेच खारट पाणी मांसात परत मुरते, आणि तोवर कातडी वाळून चर्मपत्रासारखी दिसू लागते. अशी कातडी फार सुंदर भाजते. मिठाच्या पाण्याच्या बादलीत टर्की बुडवून ठेवणाऱ्यांशी माझे भांडण नाही, पण त्याने कातडी ओली राहते आणि फ्रिजमध्ये बादलीला जागा कुणाकडे असते?

प्रतिसाद ४

भाजून झाल्यावरच्या कामांबद्दल कुणी लिहिलेले नाही, म्हणून थोडे लिहिते. ओव्हनमधून काढल्यावर अर्धा तास तरी सुरी लावू नये. तेवढ्यात आतली उष्णता सारखी पसरते, तापमान आणखी काही अंश चढते आणि कापताना रस पाटावर वाहून जात नाही. पाहुणे खोळंबले आहेत म्हणून घाई करू नका. एवढा मोठा पक्षी अर्ध्या तासात गार होत नाही, आणि तो फॉइलमध्ये घट्ट गुंडाळला तर कातडी मऊ पडते.

याच वेळात ग्रेव्ही होते. टर्की भाजत असतानाच मान आणि पेटा मंद आचेवर उकळून पाणी तयार ठेवावे. काळीज त्यात घालू नये, कडवटपणा येतो. ट्रेमधला रस भांड्यात ओतून वर तरंगणारी चरबी काढून घ्यावी. दोन मोठे चमचे चरबीत तेवढाच मैदा खमंग परतून, गाठी होऊ न देता एक कप द्रव हळूहळू घालावा. आठ-दहा जणांना याच्या तिप्पट-चौपट प्रमाण लागेल. ट्रेला चिकटलेला तपकिरी खरपूस भाग थोड्या गरम पाण्याने सोडवून त्यात नक्की मिसळा, सगळी चव तिथेच असते. मीठ अगदी शेवटी आणि चाखूनच घाला, कारण रस आधीच खारट असतो.

कापताना आधी पाय बाहेर ओढून सांध्यातून वेगळे करावेत. सुरी हाडावर अडली तर ती चुकीच्या जागी आहे असे समजा. सांध्यात ती अलगद शिरते. छातीचे काप टर्कीवरच पाडत बसण्यापेक्षा छातीच्या हाडाच्या कडेने सुरी फिरवून अख्खा अर्धा भाग सोडवावा आणि पाटावर ठेवून धाग्यांना आडवे काप करावेत, म्हणजे प्रत्येक कापाला थोडी कातडी येते आणि मांसही मऊ लागते. उरलेले मांस हाडांवरून काढून दोन तासांच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. सांगाडा टाकू नका. दुसऱ्या दिवशीचे सूप त्याचेच होते.