नववीतली मुलगी, रंग आणि उशीखाली सापडलेली ट्यूब

सोलापूरची_आई
नमस्कार, कुठं विचारावं कळेना म्हणून इथं लिहायलीय. माझी मुलगी नववीत आहे. रंगानं माझ्यावर गेलीय, आमच्या सासूबाईंच्या भाषेत "रंगानं जरा डावी". गॅदरिंगच्या डान्सला वर्गात सगळ्यात बुटकी असून तिला मागच्या ओळीत उभं केलं, कारण कुणीच सांगितलं नाही पण तिला कळलं. वर्गाच्या ग्रुपवर फोटो आला की खाली पोरं लिहितात "ब्राइटनेस वाढवा". आता ती घरातसुद्धा स्कार्फ काढत नाही, एवढ्या उन्हाळ्यात. परवा उशीखाली एक क्रीमची ट्यूब सापडली, मैत्रिणीनं दिली म्हणे. आधी उजळली, मग गाल लाल व्हायलेत, ऊन लागलं की आग होते म्हणते. ओरडू का समजावू?

मेडिकलवाला
ताई ओरडू नका, आधी ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन असलं काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. पहिले काही दिवस चेहरा उजळ दिसतो, त्यालाच सगळे भुलतात, नंतर कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, पुटकुळ्या येतात, गालावर लव वाढते. २०१८ पासून असली मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम आहे, पण आमच्याच लाईनमधले काही जण देतात, खोटं कशाला बोलू. आणि महत्त्वाचं म्हणजे एकदम बंद केली की चेहरा आणखी भडकतो, मग पोरी घाबरून परत लावतात. म्हणून स्किनच्या डॉक्टरला दाखवा, ट्यूब सोबत न्या, कशी बंद करायची ते डॉक्टर सांगतील.

विठ्ठल_भक्त
आपला विठोबापण सावळाच आहे की, पोरीला तेवढं सांगा.

जुनी_विजापूर_वेस
दादा राग नको, पण हे मी शाळेत असल्यापासून ऐकायलेय. विठोबा सावळा चालतो, सून चालत नाही. मला बघायला आलेल्या एका बाईनं माझा हात माझ्या धाकट्या बहिणीच्या हाताशेजारी धरून बघितला होता, कापडाच्या दुकानात मॅचिंग बघतात तसा. आज मी ४१ ची आहे, नोकरी चांगली आहे, तरी ग्रुप फोटोत आपोआप मागं सरकते. तुमच्या पोरीला मागं उभं केलं ना, त्या शिक्षिकेला जाऊन शांतपणे विचारा की उंचीप्रमाणे का नाही. बस तेवढंच. माझ्या आईनं कधीच विचारलं नाही, ते मला अजून लागतं.

न्यूजर्सी_मावशी
माझी भाची इथं हायस्कूलला आहे. शाळेत ती "ब्राउन", गोऱ्या पोरींच्यात वेगळी पडते, आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर सोलापूरची आजी म्हणते "अगं किती काळवंडलीस, टेनिस बंद कर". पोरगी मला म्हणाली, मावशी मी नेमकी कुठं बरी दिसते ते सांग. काय सांगणार. इथं १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ नवराबायकोनं लहान मुलांसमोर गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या होत्या, तर कितीतरी कृष्णवर्णीय मुलांनीच गोरी बाहुली चांगली आणि काळी वाईट म्हटलं. १९५४ ला गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणाऱ्या निकालात केनेथ क्लार्कच्या लिखाणाचा उल्लेख आहे. म्हणजे शाळेत टोमणे सुरू व्हायच्या आधीच पोरांच्या डोक्यात हे गेलेलं असतं. आपल्याकडे तर फेअर अँड लव्हली १९७५ पासून होती, २०२० ला फेअर काढून ग्लो केलं, आजीच्या तोंडातलं कोण काढणार?

सोलापूरची_आई
सगळ्यांचे आभार. ट्यूबवर बीटामेथासोनच निघालं. उद्या साडेअकराची अपॉइंटमेंट आहे, शाळेत शनिवारी जाणार. सासूबाईंशी बोलले, त्या म्हणाल्या मी काय वाईट म्हणते का, लाडानंच म्हणते. पण मावशींचं वाचून दुसरंच आठवलं. ही पाच वर्षांची असल्यापासून दर रविवारी आंघोळीआधी डाळीचं पीठ आणि दही चोळणारी मीच की. सासूबाई नव्हेत, मी. रडायची, डोळ्यात जातंय म्हणायची. काल तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "मला माहितीय, म्हणून तर ट्यूब तुझ्यापासून लपवली नव्हती, उशीखालीच ठेवली होती." पीठ अर्धा डबा शिल्लक होतं, संध्याकाळी कांदाभजी केली. तिनं स्कार्फ घालूनच खाल्ली, पण खाल्ली.