अनुभव धागा: वेबसाइट बनवायला आणि सांभाळायला तुम्ही रोज काय वापरता?

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता दुकान असो, शाळा असो, शेतकरी उत्पादक कंपनी असो की देवस्थान, सगळ्यांनाच वेबसाइट हवी असते. ती बनवून देणारी पोरंही तालुक्या-तालुक्यात आहेत. पण कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं हे मात्र आपण लांबच्या कुणाचे तरी व्हिडिओ बघून ठरवतो. तिथलं नेट वेगळं, बजेट वेगळं, साइट हाताळणारी माणसंही वेगळी. म्हणून हा धागा. तुमच्या हाताशी रोज काय असतं, ते का निवडलं, आणि तुम्ही बाजूला झाल्यावर साइट कोण चालवतं, हे सविस्तर लिहा. तिसरा मुद्दा विसरू नका, माझ्या मते सगळ्यात मोठा तोच आहे.

सुरुवात मी करतो. जळगावात छोट्या व्यापाऱ्यांच्या साइट बनवतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी लोकांची अडचण सॉफ्टवेअरची नसतेच. डोमेन (साइटचा नोंदवलेला पत्ता) साइट बनवणाऱ्याच्या खात्यात असतं, तो गाव सोडून गेलेला असतो, आणि दुकानाचं नाव ज्यावर छापलंय त्या पत्त्यावर मालकाचा काडीचाही हक्क नसतो. म्हणून मी पहिल्याच दिवशी मालकाच्या स्वतःच्या ईमेलवर डोमेन घ्यायला लावतो आणि होस्टिंग (साइटच्या फाइली ठेवायची भाड्याची जागा) दुसरीकडे ठेवतो. होस्टिंगवाल्याशी पटलं नाही तर नेमसर्व्हर, म्हणजे डोमेन कुणाकडे बोट दाखवतं ती नोंद, बदलून निघता येतं.

त्यानंतर बहुतेकांसाठी वर्डप्रेस, म्हणजे कोड न लिहिता साइट बनवायचं आणि सांभाळायचं सॉफ्टवेअर. ते २००३ पासून आहे, मुक्त परवान्याचं आहे, जवळपास कुठल्याही होस्टिंगवर बसतं, आणि उद्या मी नसलो तर पाचोऱ्यात काय नि यावलमध्ये काय, ते येणारा कुणीतरी सापडतो. मात्र ओढून-सोडून पानं रचणारे जड पेज बिल्डर मी वापरत नाही. असा बिल्डर काढून टाकला की मजकुरात बऱ्याचदा त्याच्या खुणांचा कचरा मागे राहतो. डिसेंबर २०१८ मध्ये ५.० आवृत्तीसोबत आलेला वर्डप्रेसचा स्वतःचा ब्लॉक एडिटर (मजकूर, फोटो तुकड्या-तुकड्याने मांडायची सोय) माझ्या कामाला पुरतो.

रावेर, केळी उत्पादकांच्या गटाचं काम पाहणारा

दादा, डोमेनचं बोललात ते सोळा आणे खरं. आमचं थोडं वेगळं आहे. आमच्या साइटवर लोक एकाच गोष्टीसाठी येतात, आजचा भाव. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची माहिती, जाती, टिश्यूकल्चर रोपं, सगळं आम्ही पानांवर टाकलंय. पण सकाळी उठून शेतकरी बघतो तो भावच.

भाव भरायचं काम आमच्या काकांकडे आहे. त्यांना वर्डप्रेसचा डॅशबोर्ड दाखवला, तर म्हणाले, हे माझं काम नाही. मग गुगल शीट केली: तारीख, माल, भाव, शेरा. ती वेबवर प्रकाशित करून साइटच्या पहिल्या पानावर जोडली. काका मोबाइलवर शीट उघडतात, आकडा टाकतात, काही मिनिटांत तो साइटवर दिसतो. बाकी पानं साध्या एचटीएमएलची (वेबपानाचा सांगाडा लिहायची भाषा) आहेत, ती वर्षातून क्वचितच बदलतात.

माझं म्हणणं इतकंच की रोज बदलणारा भाग आणि कधीतरी बदलणारा भाग एकाच साधनात कोंबू नये. जुने भावही त्याच शीटमध्ये साठत जातात. पुढेमागे साइट नवी केली तरी ती शीट जशीच्या तशी उचलता येईल.

धुळे, पूर्वी डीटीपी, आता वेबसाइट

आमच्याकडे येणारा मजकूर वेगळ्याच दुखण्यासह येतो, त्याबद्दल सविस्तर लिहिते.

संस्थांचे जुने अहवाल, स्मरणिका, पत्रिका सगळं श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमध्ये टाइप केलेलं. या फाँटांमध्ये संगणकाच्या दृष्टीने मराठी अक्षरं नसतातच. आत इंग्रजी चिन्हं असतात, वर मराठीचा मुखवटा. ते तसंच साइटवर चिकटवलं तर वाचणाऱ्याला भलतंच दिसतं आणि शोधयंत्राला काहीच कळत नाही. म्हणून आधी युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेत देणारी पद्धत) रूपांतर, मग वेबसाइट. रूपांतर करणारी फुकट साधनं आहेत, पण रफार, पोटफोड्या ष आणि ‘दऱ्या’मधला ऱ्य यांच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. यंत्र ‘दऱ्या’चा ‘दर्या’ करून मोकळं होतं आणि सातपुड्यात समुद्र येतो. मी रूपांतर झाल्यावर नोटपॅड प्लस प्लस या साध्या एडिटरमध्ये शोधा-बदला लावते आणि नंतर एक जण मोठ्याने वाचतो, दुसरा तपासतो. याला पर्याय मिळाला नाही.

दुसरी गोष्ट पानाच्या पत्त्याची. वर्डप्रेस मराठी शीर्षकावरून पत्ता बनवतं तेव्हा देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन चिन्हांनी लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. पत्त्याची मर्यादा २००. कानामात्रा धरून साधारण बावीस चिन्हांवर शीर्षक तुटतं. ‘शैक्षणिक वर्षाचा वार्षिक अहवाल’ असं नाव दिलं की दरवर्षीचे पत्ते सारखेच तुटतात आणि मागे दोन, तीन असे आकडे लागत जातात. शिवाय व्हॉट्सॲपवर तो पत्ता पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक रांग दिसते आणि लोक तिला घाबरतात. मी पत्ता हाताने, रोमन लिपीत, छोटा लिहिते. शीर्षक मराठीतच.

आणि पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवा. तयार थीममध्ये (साइटच्या रूपाचा साचा) ती बहुतेक वेळा इंग्रजी असते, कधी हिंदी. मराठी नोंदवली की काही चांगल्या फाँटांमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आपोआप येतात. मुक्ता आणि नोटो सान्स देवनागरी हे माझ्या रोजच्या वापरातले फाँट, दोन्ही मुक्त परवान्याचे.

धडगाव, शिक्षक

ताईंनी फाँट सांगितले, ते योग्यच आहेत. पण आमच्या बाजूला मी वेगळा फाँट लावतच नाही. अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरी फाँट मुळातच असतो. वेगळा लावला की पान उघडताना तोही उतरवावा लागतो. सातपुड्याच्या पाड्यांवर टेकडीच्या एका बाजूला रेंज, दुसऱ्या बाजूला शून्य, असा प्रकार. पालक शाळेचं पान उघडायला रस्त्याच्या कडेला उभे राहतात.

त्यामुळे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं माझं साधन क्रोममध्येच दडलेलं आहे. एफ१२ दाबा, नेटवर्क विभागात जा, मुद्दाम वेग कमी करा आणि आपली साइट उघडून बघा. कोणती फाइल किती जड तेही तिथेच दिसतं. शाळेची सूचना म्हणजे चार ओळी. त्यासाठी सरकणारे फोटो, उडणारी अक्षरं कशाला? सूचनेचा फोटो काढून चढवण्याचीही सवय मी बंद केली. टाइप केलेल्या चार ओळी क्षणात येतात.

शहादा, महाविद्यालयात संगणक शिकवतो

पोरं विचारतात, सर, कोड लिहायला कोणता एडिटर शिकू? मी सांगतो, एडिटर बदलतच राहणार. ॲडोबीने ब्रॅकेट्स या एडिटरचा आधार सप्टेंबर २०२१ मध्ये थांबवला, गिटहबने (कोड ठेवायची वेबसेवा) ॲटम हा एडिटर डिसेंबर २०२२ मध्ये बंद केला. दोन्ही एकेकाळी खूप लोकप्रिय होते. त्यात शिकलेलं एचटीएमएल आणि सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी भाषा) मात्र कुठे गेलं नाही.

प्रयोगशाळेतली यंत्रं जुनी, मेमरी कमी. त्यांच्यावर व्हीएस कोड धापा टाकतो, म्हणून पहिल्या सत्रात नोटपॅड प्लस प्लस. ज्यांच्याकडे बरा लॅपटॉप आहे त्यांना नंतर व्हीएस कोड. डेटाबेसचं काम आलं की झॅम्प, म्हणजे सर्व्हर आपल्याच संगणकावर, नेट नसलं तरी तास होतो. गिट (फाइलींतला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन) मात्र सगळ्यांना सक्तीचं. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरं’ अशा फोल्डरांच्या रांगा त्याशिवाय थांबत नाहीत.

शिरपूर, विद्यार्थिनी

सर, ज्यांच्याकडे लॅपटॉपच नाही त्यांच्यासाठी लिहिते. मी कॉलेजच्या संगणकावर बसते, पण तिथे काही बसवायची परवानगी नसते. गिटहबवर आपला प्रकल्प उघडून कीबोर्डवरचा पूर्णविराम दाबला की ब्राउझरमध्येच एडिटर उघडतो. गिटहब पेजेसवर साइट फुकट राहते, मर्यादा १ जीबीची, आणि माझ्या पानांना ती कधीच अपुरी पडणार नाही. नोकरीच्या अर्जात मी त्याच साइटचा पत्ता देते.

भुसावळ, घरगुती खाद्यपदार्थ

मी बिबड्या (ज्वारीचे पापड), नागलीचे पापड आणि कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ विकते. साइट भाच्याने बनवली, चालवते मी.

सगळे म्हणाले, वूकॉमर्स (वर्डप्रेसला दुकान जोडणारं साधन) टाक, ऑनलाइन पैसे घे. मी विचार केला, कार्ट आली की पेमेंट गेटवे आला, वजनानुसार कुरिअरचा दर आला, परत पाठवण्याचे नियम आले. आणि बिबड्या उन्हाळ्यात होतात, साठा संपला की संपला. माझं गिऱ्हाईक आधी विचारतं, ताई, यंदाच्या आहेत ना, तिखट किती आहे? ते बोलल्याशिवाय पैसे देत नाही. म्हणून प्रत्येक पदार्थाखाली फक्त व्हॉट्सॲपचं बटण ठेवलं. दाबलं की माझ्या नंबरवर पदार्थाचं नाव आधीच लिहिलेला संदेश उघडतो. त्याला पैसे लागत नाहीत आणि काही बिघडत नाही.

रोजचं साधन म्हणाल तर स्क्वूश, फोटो हलके करणारी वेबसाइट. फोटो ब्राउझरमध्येच लहान होतो. मोबाइलचा चार-पाच एमबीचा फोटो वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात दीड-दोनशे केबीपर्यंत येतो आणि पापडावरचे तीळ तरीही दिसतात. धडगावच्या सरांनी सांगितलेली वेगाची तपासणी आज करून बघते.

अमळनेर, अहिराणी संकलन

आम्ही काही मित्र अहिराणी ओव्या, म्हणी आणि गोष्टी जमवतो, ध्वनिमुद्रणासह. फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या गावात झालं, तेव्हा बाहेरून आलेली मंडळी विचारत होती, हे कुठे ऐकायला मिळेल? तेव्हापासून हे काम जोमाने धरलं.

आमची निवड एकाच प्रश्नावर ठरली: वीस वर्षांनी हे उघडेल का? म्हणून डेटाबेस नको असं ठरवलं. प्रत्येक ओवी एक साधी मजकूर फाइल, मार्कडाउनमध्ये (साध्या चिन्हांनी मथळे, ठळक अक्षरं दाखवायची पद्धत). ह्यूगो हे साधन त्यांची वेबपानं बनवतं. उद्या ह्यूगो नसलं तरी मजकूर वाचता येतोच, दुसरं कुठलंही साधन त्याच फाइली घेईल. ध्वनिफिती इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावर ठेवतो, शिवाय एक-एक प्रत दोन वेगवेगळ्या घरांतल्या हार्डडिस्कवर. अहिराणीला स्वतःचा आंतरराष्ट्रीय भाषासंकेत आहे, एएचआर. पानावर आम्ही तोच लावतो, मराठीचा नाही. आपल्या बोलीची नोंद तिच्या नावाने व्हावी.

एक अडचण खरी आहे. गावातल्या ज्या आजी-मावश्या ओव्या सांगतात, त्यांच्या नाती-सुनांना मार्कडाउन आणि गिट शिकवणं जड जातं. त्यासाठी एक साधा गुगल फॉर्म ठेवला. एका मावशींनी तो भरून पाहिला आणि म्हणाल्या, “हाई माले जमस!” फॉर्ममधला मजकूर फाइलीत आणायचं काम आम्ही करतो.

चोपडा, होस्टिंग आणि देखभाल

थोडक्यात लिहितो. माझ्याकडे एका दुकानाची साइट आली होती, उघडली की जुगाराच्या जाहिराती. बनवणाऱ्याने पैशांची थीम चोरीची, फुकटची टाकली होती, दार तिथूनच उघडं होतं. फुकट हवं असेल तर वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातलंच घ्या. सर्व्हरवर फाइली चढवायला एफटीपी ही जुनी पद्धत नको, फाइलझिला या साधनात एसएफटीपी ही सुरक्षित पद्धत निवडा, कारण साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो. साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित करणारं लेट्स एनक्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट आहे, पण ९० दिवसांचं असतं. नूतनीकरण आपोआप होतंय का ते होस्टिंगमध्ये तपासा. बॅकअप अपड्राफ्टप्लस या वर्डप्रेसच्या जोडसाधनाने गुगल ड्राइव्हवर, म्हणजे साइट बसलेल्या सर्व्हरच्या बाहेर. आणि तो बॅकअप रिकाम्या जागेवर उघडून बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपला मी बॅकअप धरत नाही.

जळगाव, दृष्टिहीन वाचक

मी वेबसाइट बनवत नाही, वापरतो. एनव्हीडीए हे फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर मला पडदा वाचून दाखवतं, मराठीतही. तुम्ही वर जे जे निवडता, त्याचा परिणाम माझ्यापर्यंत कसा पोहोचतो ते सांगतो.

धुळ्याच्या ताईंचं युनिकोड रूपांतर माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं. जुन्या फाँटातलं पान मला इंग्रजी अक्षरांचा गोंगाट म्हणून ऐकू येतं. सूचनेचा फोटो टाकला तर मला फक्त ‘चित्र’ ऐकू येतं, म्हणून धडगावच्या सरांचे आभार. भुसावळच्या ताई, तुमच्या प्रत्येक बटणावर ‘इथे दाबा’ असं असेल तर मला सगळी सारखीच वाटतील. ‘बिबड्या मागवा’, ‘नागलीचे पापड मागवा’ असं लिहा.

थीम निवडताना माउस बाजूला ठेवून फक्त टॅबच्या बटणाने साइटवर फिरून बघा. मेनू उघडत नसेल, फॉर्मच्या चौकटीत पोहोचता येत नसेल, तर ती थीम घेऊ नका, दिसायला कितीही सुरेख असली तरी.

भुसावळ, घरगुती खाद्यपदार्थ

दादा, माझ्या सगळ्या बटणांवर ‘ऑर्डर’ एवढंच होतं. आत्ताच भाच्याला सांगितलं, तो प्रत्येकाखाली पदार्थाचं नाव घालतोय. फोटोंचं वर्णनही मराठीत लिहिते. झालं की इथे कळवते, तुम्ही टॅबने फिरून सांगा कुठे अडतंय.