कोऱ्या माणसाला कामावर घेऊन घडवणं : तुमचे अनुभव लिहा

सुरसागर
बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात माणसं नेमण्याचं काम माझ्याकडे आहे. जाहिरातीत दरवेळी ‘अनुभव आवश्यक’ छापलं जातं. मग गोरवा-तरसालीच्या आयटीआयमधून निघालेली मुलं गेटवरूनच परत जातात आणि आत टर्नर (लेथ या यंत्रावर धातू कातणारा कारागीर) नाही म्हणून मशिन बंद असतं. मला हे सहन होत नाही. कोरी माणसं घ्यावीत, असं माझं ठाम मत आहे. मात्र शिकवणाऱ्याचा वेळ कामाचाच वेळ धरला पाहिजे. तो धरला नाही तर शिकाऊ मुलगा फक्त स्वस्तात राबतो. मालक, कामगार, शिकलेले, शिकवणारे, सगळ्यांनी लिहा.

मायक्रॉन
माझं टर्निंगचं छोटं शॉप आहे. नव्या मुलाच्या हातात सुरुवातीला लेथ देतच नाही. आधी व्हर्नियर, मायक्रोमीटर ही मापाची साधनं आणि ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक. सकाळी मोजलेले जॉब (घडवायचे नग) दुपारी पुन्हा मोजायचे, दोन्ही वेळची मापं जुळली पाहिजेत. मायक्रोमीटरला जास्त दाब पडू न देणारा रॅचेट असतो, तरी पोरं थिंबल (फिरवायची नळी) धरून आवळतात आणि माप कमी दाखवतं. तो हलका हात यायला वेळ लागतोच. मग भंगारातल्या एमएसच्या (साध्या पोलादाच्या) बारवर फेसिंग (टोक सपाट करणं), प्लेन टर्निंग (सरळ कातणं), स्टेप (पायऱ्या काढणं). थ्रेडिंग (आटे पाडणं) सगळ्यात शेवटी. चकची (जॉब पकडणाऱ्या भागाची) चावी चकमध्ये ठेवायची नाही आणि फिरत्या जॉबजवळ हातमोजे चालणार नाहीत, हे मात्र पहिल्या दिवसापासून रोज सांगतो.

खरी अडचण मुलांची नव्हतीच. माझे जुने टर्नर पीसरेटवर आहेत. टूलचा कोन दाखवायला थांबलं की नग कमी, नग कमी की पैसे कमी. ‘बघून शीक’ म्हणायचे आणि आपलं काम करत राहायचे. त्यांचं काय चुकलं? शिकवण्याच्या तासांना त्यांच्या सरासरी कमाईइतके पैसे द्यायला लागलो, तेव्हा टूल ग्राइंडिंगची जी हातोटी ते मलाही दाखवत नव्हते, ती त्यांनी पोरांना दाखवली.

गाळणकागद
मी औषध कंपनीच्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) आहे. आमच्याकडे नवा असो वा जुना, एसओपीचं (ठरलेल्या लेखी कार्यपद्धतीचं) ट्रेनिंग आणि त्या चाचणीसाठी पात्र ठरल्याशिवाय कुणाच्याही सहीने रिपोर्ट जात नाही. म्हणजे अनुभवी घेतला तरी शिकवणं टळत नाही! बी.एस्सी. करून आलेली मुलगी एचपीएलसीला (औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला) बिचकते, पण मोबाइल फेज (त्यातून वाहणारं द्रावण) नीट गाळते आणि बेसलाइन (आलेखाची मूळ रेषा) स्थिर होईपर्यंत थांबते. रीडिंग तिथल्या तिथे वहीत लिहायचं, चुकलं तर एक रेघ मारून सही-तारीख करायची, हे तिला एकदा सांगितलं की पुरतं. चिठोऱ्यावर आकडे टिपून नंतर उतरवायची सवय लागलेल्या माणसाकडून ती सोडवून घेणं फार जड जातं.

रात्रपाळी
मी नर्स. पहिल्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात मला रात्री वॉर्डवर एकटीला ठेवलं. ‘करता करता शिकशील’ म्हणाले. इन्सुलिनचा डोस दोघींनी तपासायचा असतो, तिथे दुसरी होतीच कुठे? मी ती नोकरी सोडली. आत्ताच्या ठिकाणी नवी मुलगी आली की तिच्यासोबतच्या सीनियरकडचे पेशंट कमी करतात. म्हणून सुरसागर यांचा मुद्दा मला शब्दन्‌शब्द पटतो. आमच्या कामात तो पगारापुरता राहत नाही, पेशंटच्या जिवाशी येतो.

मांडवी
माझा पोळी-भाजीचा व्यवसाय. माझ्याकडच्या बायकांनी आधी कुठेच नोकरी केलेली नव्हती. पोळी त्यांना मी काय शिकवणार? वजनावर गोळे करणं, ऑर्डर वेळेत बाहेर काढणं आणि हिशेब, एवढंच शिकवावं लागलं.

हालोलरोड
विरोधात लिहितो. आम्ही शिकवायचं आणि मुलगा तयार झाला की सावली, हालोलच्या मोठ्या कंपन्यांनी उचलायचा. बिघडलेला माल, मोडलेले टूल आमच्या खात्यावर. लहान मालकाने हे किती वर्षं सोसायचं?

रावपुरेकर
हे ओझं खरं आहे, म्हणूनच ते एकट्या मालकावर नसावं. ॲप्रेंटिस कायदा १९६१ चा. ३० किंवा जास्त माणसं असतील तर त्या संख्येच्या २.५ ते १५ टक्के ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात, त्याहून लहान जागी, ४ माणसांपासून पुढे, ते ऐच्छिक आहे. २०१६ च्या राष्ट्रीय ॲप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार स्टायपेंडचा २५ टक्के, महिना १,५०० रुपयांपर्यंतचा वाटा उचलतं. पण शिकवणाऱ्या कारागिराच्या बुडालेल्या तासांचं काय, ते यात येत नाही. आपल्या गावाने तर हा विचार फार आधी केला होता. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली ती हाताला हुन्नर यावा म्हणून, आणि तो खर्च संस्थानाने केला. दादासाहेब फाळके तिथे शिकले.

मायक्रॉन
हालोलरोड, माझीही पोरं जातात. हात बसला की त्याच महिन्यात पगार वाढवायला लागल्यापासून कमी जातात. दिवाळीपर्यंत थांबलं की दुसरा कोणीतरी आधी वाढवतो.

सुरसागर
मायक्रॉन, शिकवण्याचे तास कागदावर कसे दाखवता? आमचं अकाउंट्स नक्की अडवेल.

मायक्रॉन
जॉबकार्डवर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) वेगळी ओळ ठेवली आहे. मुलाचं नाव, काय शिकवलं, किती वेळ, आणि त्या मुलाची सही. नवा मुलगा दुसऱ्या पाळीत मात्र टाकू नका, तेव्हा शिकवणारे घरी गेलेले असतात.